बुजऱ्या कुत्र्याला अंतर ठरवू द्या : निवारे चालवणाऱ्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
प्राणी निवाऱ्यांच्या व्यवस्थापन समित्या, निवारा-प्रमुख आणि दत्तक विभागातले सर्व सहकारी

विषय : बुजऱ्या कुत्र्यांसाठी कामाची वेगळी पद्धत ठरवण्याबाबत

स. न. वि. वि.

निवारा बघायला आलेला माणूस जाळीशी धावत येणाऱ्या कुत्र्यापाशी थांबतो. मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या कुत्र्यासमोरून तो पुढे निघून जातो, आणि यात त्याची काही चूक नाही. पण त्या कुत्र्याच्या नोंदवहीत ‘स्वभावाने भित्रा, दत्तक जाणं अवघड’ असा शेरा एकदा पडला की निवाऱ्यातली माणसंही त्याच्यासमोरून तशीच पुढे जाऊ लागतात. त्याला खाणं-पाणी मिळतं, जागा स्वच्छ होते, पण त्याच्यावर काम कोणी करत नाही.

हा शेरा बदलता येतो. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेने अतिशय भेदरलेल्या कुत्र्यांसाठी खास पुनर्वसन केंद्र चालवलं. त्याचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४४१ कुत्र्यांपैकी ८६ टक्के कुत्र्यांनी कार्यक्रम पूर्ण केला आणि त्यातले जवळजवळ सगळे दत्तक गेले. तिथे जे केलं जातं त्यातलं बरंचसं साध्या निवाऱ्यातही जमण्यासारखं आहे. लागते ती ठरलेली माणसं, ठरलेला क्रम, आणि माणूस किती जवळ आलेला चालेल हे कुत्र्याला ठरवू देण्याची तयारी. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड जाते, म्हणून हे पत्र.

आधी एक समजूत दूर करायला हवी. कुत्रा घाबरतो म्हणजे त्याला कोणीतरी मारलं असणार, असं आपण लगेच धरून चालतो. कधी ते खरंही असतं. पण बऱ्याच बुजऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत वाईट काही घडलेलं नसतं, घडायला हवं होतं ते घडलेलं नसतं. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना माणूस, आवाज, जिने, गाड्या, इतर प्राणी यांची जी ओळख होते ती आयुष्यभर पुरते. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात काही पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास जवळजवळ मिळूच दिला नव्हता. ती पुढे माणसाला रानटी जनावरासारखी बिचकत राहिली. त्यात आनुवंशिक स्वभावाची भर पडते, गरोदरपणी आईने सोसलेल्या ताणाचीही पडते.

हे कळलं की कामाची दिशा बदलते. ‘बिचाऱ्याला प्रेमाची गरज आहे’ म्हणून त्याला कवेत घेणं थांबतं. जाळीपलीकडच्या या प्राण्याला माणूस नावाची गोष्ट पहिल्यापासून शिकायची आहे, आणि तीही लहानपणी शिकला असता त्यापेक्षा कितीतरी सावकाश.

कुत्रा निवाऱ्यात आल्यावर पहिले तीन दिवस त्याच्या शरीरात ताणाचं संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, सर्वांत जास्त असतं. १९९७ च्या अभ्यासात रक्ताच्या नमुन्यांवरून हे दिसलं होतं. नेमक्या याच तीन दिवसांत आपण त्याला आंघोळ घालतो, त्याचा फोटो काढतो, स्वभावचाचणी घेतो आणि चार वेगवेगळ्या माणसांकडून त्याला हाताळतो. वैद्यकीयदृष्ट्या जे टाळता येत नाही तेवढंच या काळात करावं. बाकी सगळं पुढे ढकललं तर बिघडत नाही. स्वभावचाचणी तर मुळीच घेऊ नये. तिच्यातून त्या दिवसाची भीती मोजली जाते आणि कागदावर मात्र तो कायमचा स्वभाव म्हणून उतरतो.

या कुत्र्याची जागा रहदारीच्या वाटेवर नसावी. ‘सगळ्यांना बघत राहील तर सवय होईल’ असं म्हणून त्याला दाराजवळच्या पिंजऱ्यात ठेवतात, तिथे त्याला सवय होत नाही. पळायला वाट नसताना भीतीचा मारा होत राहिला की काही कुत्रे चावायला शिकतात आणि बरेचसे गोठून जातात. जागा रांगेच्या टोकाची असावी. जाळीचा खालचा अर्धा भाग चादरीने झाकावा. आत लपायला खोकं किंवा दार काढलेला क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, असावा, आणि तो भिंतीला लावून अशा कोनात ठेवावा की आत बसूनही त्याला बाहेरचं दिसेल. लपायला जागा मिळाली की कुत्रा कायमचा लपून बसेल, अशी भीती अनेकांना वाटते. अनुभव उलटा आहे. परत जायला जागा आहे याची खात्री असलेला कुत्रा लवकर बाहेर येऊन बघतो. मात्र खोक्यात असलेल्या कुत्र्याला हात घालून बाहेर ओढायचं नाही. एकदा ओढलं की ती जागा त्याच्यासाठी संपली.

कुत्रा आत असताना पाइपने पाणी मारून फरशी धुऊ नये. शेजारच्या मोकळ्या जागेत तो स्वतःहून जाईल अशी सरकत्या दाराची सोय करावी आणि मग धुवावं. ही सोय नसेल तर पहिले काही दिवस फक्त घाण उचलून ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं. निवाऱ्यांमधला आवाज शंभर डेसिबलच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. भुंकणं पूर्ण थांबवता येत नाही, पण कड्यांना आणि दारांच्या कडांना रबर लावणं, स्टीलच्या भांड्यांखाली चटई टाकणं आणि दुपारी दोन तास संपूर्ण विभाग बंद ठेवणं हे करता येतं. कुत्रा दिवसातला अर्धा वेळ तरी झोपतो, आणि झोप न मिळालेला कुत्रा शिकत नाही.

पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे दोनच माणसं जातील, तीही रोज तीच, असं ठरवावं. स्वयंसेवकांच्या पाळ्या लावताना हे जड जातं याची आम्हाला कल्पना आहे. पण दहा चांगली माणसं आलटून पालटून आली तर कुत्र्याच्या दृष्टीने ती दहा अनोळखी माणसं असतात.

आता शांत कुत्र्याविषयी. बऱ्याच निवाऱ्यांत इथे गफलत होते. जो कुत्रा हलत नाही, गुरगुरत नाही, उचललं तरी अंग सैल सोडतो, त्याला ‘गरीब आहे, काहीही करू देतो’ असा शेरा मिळतो. खरं तर त्याने प्रतिकार सोडून दिलेला असतो. बघायच्या खुणा बारीक असतात : तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्यात, खाण्याचा संबंध नसताना जीभ नाकावरून फिरतेय, झोप आलेली नसताना जांभया येताहेत, एक पुढचा पाय अर्धवट उचललेला आहे, फरशीवर पंजांचे ओले ठसे उमटताहेत, अंगावरून अचानक कोंडा झडतोय. असा कुत्रा एखाद्या दिवशी ‘काही कारण नसताना’ चावला असं सांगितलं जातं. कारणं सगळी दिसत होती, ती कोणी वाचली नव्हती. गुरगुरणाऱ्या कुत्र्यावर ओरडू नये तेही याचसाठी. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे. ती बंद पाडली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल.

कामाचा गाभा खाण्यात आहे, आणि खाण्यापेक्षाही त्याच्या क्रमात आहे. माणूस दिसला, की एका सेकंदात खाऊ पडला. माणूस गेला, की खाऊ बंद. हा क्रम उलटा झाला तर काम फसतं : आधी पाकिटाचा आवाज आणि मग माणूस, असं होत राहिलं तर खाऊ ही संकटाची वर्दी ठरते, आणि कुत्रा खाऊलाही बिचकू लागतो. म्हणून तुकडे आधीच काढून झाकणाच्या डब्यात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवावेत. तुकडा वाटाण्याएवढा असावा, लहान कुत्र्यासाठी त्याच्या निम्मा. उकडलेलं चिकन किंवा चीज यांसारखं वासाचं काहीतरी निवडावं. कोरड्या दाण्यांवर भीती मात करते. दिवसभरात असा खाऊ एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ लागला तर पुढे गेलेला भाग जेवणातून वजा करावा, नाहीतर जुलाब सुरू होतात आणि दोष खाऊला जातो.

प्रत्येक बुजऱ्या कुत्र्याच्या जाळीवर एक डबा टांगावा. जाणाऱ्या प्रत्येकाने न थांबता, त्याच्याकडे न बघता, दोन तुकडे आत टाकून पुढे जायचं. कुत्रा भुंकत असला तरी टाकायचं, लपलेला असला तरी टाकायचं. ‘भुंकणाऱ्याला खाऊ दिला तर भुंकणं वाढेल’ हा आक्षेप नेहमी येतो. भीतीने भुंकणारा कुत्रा खाऊ मिळवायला भुंकत नसतो. माणूस दूर जावा म्हणून भुंकत असतो. माणूस दिसण्याचा अर्थ बदलला की भुंकण्याचं कारणच उरत नाही. आणि घाबरलेल्याला खाऊ दिल्याने भीती वाढते ही तर निव्वळ गैरसमजूत आहे.

तुमच्यासमोर कुत्रा खात नसेल तर तो हट्टी आहे किंवा त्याला भूक नाही असं समजू नका. तुम्ही फार जवळ आहात, एवढाच त्याचा अर्थ. मागे सरका. दोन मीटरवर खात नाही, चार मीटरवर खातो, तर आजचं काम चार मीटरवरून. मुद्दाम उपाशी ठेवून हातून खायला लावण्याची पद्धत काही ठिकाणी अजून चालते. ती आम्हाला मान्य नाही. भुकेपोटी जवळ आलेला कुत्रा भीती घेऊनच जवळ आलेला असतो.

हीच चूक हातातला तुकडा पुढे धरण्यात होते. कुत्रा मान लांब करतो, मागचे पाय तसेच पळायच्या तयारीत, तुकडा तोंडात जातो, आणि तुकडा संपताच आपण माणसाच्या अगदी पुढ्यात आहोत हे त्याच्या लक्षात येतं. मग तो उसळतो किंवा झडप घालतो. यावरचा उपाय सोपा आहे. जमिनीवर बसा, अंग तिरपं ठेवा, नजर बाजूला ठेवा, आणि तुकडा त्याच्या मागे टाका. तो मागे वळून खातो, म्हणजे तुमच्यापासून दूर जाण्याचंही बक्षीस त्याला मिळतं. मग तो परत वळून बघतो, आणि त्या वळण्यात बहुतेक वेळा एखादं पाऊल पुढे पडतं. तो जवळ आला की पुन्हा मागे टाका. दहा-पंधरा तुकडे, तीन ते पाच मिनिटं, आणि उठून जा. दिवसातून अशी दोन-तीन सत्रं पुरेत. ‘आज छान चाललंय, अजून थोडं करू’ या मोहात केलेली अर्ध्या तासाची बैठक दुसऱ्या दिवशी दोन पावलं मागे नेते.

एका दिवसातले धक्के एकावर एक साचतात हेही ध्यानात ठेवायला हवं. सकाळी इंजेक्शन, दुपारी शेजारी नवा कुत्रा, संध्याकाळी फटाक्यासारखा आवाज, आणि त्यानंतर रोजचीच गोष्ट त्याला सोसवत नाही. अशा दिवशी सत्र रद्द करून फक्त खाऊ टाकून यावं. रक्त काढणं, नखं कापणं, मायक्रोचिप बसवणं हे एकाच दिवशी भुलीखाली उरकता येत असेल तर पशुवैद्याशी तसं ठरवावं.

स्पर्शाची वेळ तो तुमच्या अंगाला हुंगून, टेकून, सैल अंगाने उभा राहू लागला की येते. सुरुवात छातीवर किंवा हनुवटीच्या बाजूला करावी. डोक्यावरून हात आणू नये. तीन सेकंद खाजवा आणि हात मागे घ्या. तो पुढे सरकला तर पुन्हा तीन सेकंद. तो जागच्या जागी स्तब्ध राहिला, मान वळवली, ओठ चाटले, तर उत्तर ‘नको’ आहे. नाकाने तळहाताला टेकायला शिकवणंही फार कामाचं आहे, कारण त्यात स्पर्शाची सुरुवात कुत्रा करतो. ‘बरोबर केलंस’ हे सांगायला वापरतात त्या क्लिकर नावाच्या छोट्या खटक्याचा टकटकाट अशा कुत्र्याला दचकवतो. त्याऐवजी एखादा हळू उच्चारलेला शब्द चालतो.

हार्नेसची, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांची, वेळ येईल तेव्हा घाई अजिबात नको, कारण निवाऱ्यातून कुत्रे सुटून जातात ते बहुतेक इथेच. नुसता गळपट्टा असेल तर घाबरलेला कुत्रा मान खाली घालून उलटा मागे सरकतो आणि पट्टा कानांवरून निघून येतो. साधा हार्नेसही असाच निघतो. म्हणून तीन पट्ट्यांचा, म्हणजे बरगड्यांच्या मागे कमरेपाशी तिसरा पट्टा असलेला हार्नेस घ्यावा आणि त्याला मानेपाशीही बक्कल असावी. डोकं भोकातून घालून घेणं अशा कुत्र्यांना सहन होत नाही. दोन-तीन दिवस तो हार्नेस नुसता जेवणाच्या भांड्यापाशी पडू द्यावा. मग बक्कल तळहातात दाबून, आवाज कमी करून वाजवायचं आणि खाऊ टाकायचा. मग पाठीला नुसता स्पर्श, मग मानेचं बक्कल, मग पोटाचं, प्रत्येक टप्पा वेगळ्या दिवशी. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सरकावीत, जास्त नाही.

हार्नेस अंगावर असताना कुत्रा मोकळेपणाने खाऊ लागला की त्याला मीटरभर लांबीची हलकी दोरी जोडावी. तिला टोकाला मूठ नसावी, म्हणजे कुठे अडकणार नाही. ती ओढत फिरू द्यावं, पण फक्त तुम्ही तिथे असताना. मग टोक उचलायचं आणि दोरी सैलच ठेवायची. पहिल्यांदा दोरी ताणली गेली की अनेक कुत्रे लोळण घेतात, दोरी चावतात किंवा जमिनीला चिकटतात. अशा वेळी तुम्ही सैल सोडा आणि थांबा. ओढत नेलेला कुत्रा दोरीला घाबरायला शिकतो, आणि ती भीती पुढच्या घरी तशीच सोबत जाते.

बाहेर नेताना दोन जोडण्या असाव्यात : एक दोरी हार्नेसला, दुसरी मार्टिंगेलला, म्हणजे ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणाऱ्या गळपट्ट्याला. त्यातली एक तुमच्या कमरेला बांधलेली असावी. मार्टिंगेल पूर्ण आवळल्यावर कानांवरून निसटणार नाही इतका बसवावा आणि पिंजऱ्यात परतल्यावर काढून ठेवावा, कारण तो जाळीत अडकून गळफास लागू शकतो. गुंडाळली जाणारी, प्लास्टिकच्या मुठीची दोरी या कुत्र्यांना कधीही नको. हातातून सुटली की ती मूठ खडखडत त्याच्या मागे येते, आणि तो जिवाच्या आकांताने पळत सुटतो. निवाऱ्याच्या प्रत्येक वाटेवर दोन दारं हवीत, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आमच्या मते या पत्रातल्या सगळ्या खर्चांत हा खर्च पहिला करण्यासारखा आहे.

बुजऱ्या कुत्र्याला माणसापेक्षा कुत्रा लवकर शिकवतो. माणसांची आवड असलेला, पण अंगावर न येणारा, समोरच्याने खेळायला नकार दिला तर सहज दुसरीकडे वळणारा एक सोबती निवडावा. आधी जाळीतून भेट, मग मोठ्या आवारात मोकळं. सोबती माणसाकडे जातो, खाऊ घेतो, खाजवून घेतो, आणि बुजरा हे लांबून बघत राहतो. खाऊ दोघांच्या मध्ये टाकू नये, भांडण लागतं. दोन बाजूंना लांब टाकावा. मात्र आठवड्याभरात सोबत्याशिवायची सत्रंही सुरू करावीत, नाहीतर बुजऱ्याची हिंमत सोबत्यापुरतीच राहते. दोन बुजरी भावंडं एकत्र ठेवली असतील तर त्यांच्यावर हे दुप्पट लागू होतं. ती एकमेकांना बिलगून राहतात आणि माणसाकडे बघायची त्यांना गरजच पडत नाही. रात्री एकत्र झोपू द्या, पण शिकवताना वेगळी घ्या.

प्रगती मनाने ठरवू नये, लिहावी. रोज तीनच गोष्टी पुरतात : माणूस आल्यावर पहिला तुकडा किती वेळात उचलला, किती अंतरावर उचलला, आणि दचकल्यावर पुन्हा खायला किती वेळ लागला. तिसरी सर्वांत बोलकी आहे. दचकणं बरेच दिवस राहतं, सावरायला लागणारा वेळ आधी कमी होतो. दोन आठवडे तिन्ही आकडे हलले नाहीत तर तीच पद्धत अजून दोन महिने रेटू नका. दुखणं आहे का ते तपासून घ्या. कानाचा संसर्ग, किडलेला दात, सांध्यांचा त्रास यांनी कुत्रा स्पर्श टाळतो आणि आपण त्याला भित्रा म्हणतो.

दुखणं नसेल तर औषधांचा विचार पशुवैद्याबरोबर करावा, आणि तो शेवटचा उपाय म्हणून मागे ठेवू नये. फ्लुओक्सेटिनसारख्या, भीती कमी करण्यासाठी रोज द्यायच्या औषधाचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून ते बंद करणं चूक आहे, आणि एकदम बंद करणं ही त्याहून मोठी चूक. ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन ही काही तासांत काम करणारी औषधं प्रवासाच्या किंवा तपासणीच्या दिवशी उपयोगी पडतात. माणसांसाठीच्या गॅबापेन्टिनच्या पातळ औषधात झायलिटॉल हा गोडीसाठीचा पदार्थ असू शकतो, आणि तो कुत्र्याला विषारी आहे. म्हणून पशुवैद्याने सांगितल्याशिवाय कपाटातलं काही देऊ नये. एकट्या एसप्रोमॅझिन या गुंगीच्या औषधावर भिस्त ठेवू नये. त्याने शरीर सुस्त होतं, भीती आत तशीच राहते.

दोन माणसांशी जमलं म्हणजे माणसांशी जमलं असं होत नाही. तिसरं माणूस आलं की पुन्हा लांबून सुरुवात, पण या वेळी पायऱ्या लवकर चढल्या जातात. पुरुष, टोपी, चष्मा, काठी, छत्री, लंगडत चालणारं कोणी, लहान मुलांचे आवाज, अशी विविधता मुद्दाम आणावी. दत्तक जाण्यापूर्वी निदान सहा-आठ माणसांच्या हातून त्याने खाल्लेलं असावं. निवाऱ्यातली एक खोली घरासारखी लावता आली तर फार बरं : सोफा, पायपुसणं, चालू टीव्ही, गुळगुळीत फरशी, दाराची घंटा. दाराच्या चौकटीत बुजरे कुत्रे हमखास अडतात, कारण अरुंद जागेत माणसाच्या अगदी जवळून जावं लागतं. तुम्ही आधी आत जा आणि लांब जाऊन उभे राहा, तो येईल.

तात्पुरत्या घराचा, म्हणजे फोस्टरचा, विचार तर पहिल्याच आठवड्यात व्हावा. २०१९ मध्ये पाच निवाऱ्यांत झालेल्या अभ्यासात, एक-दोन रात्री घरी राहिलेल्या कुत्र्यांचं कॉर्टिसॉल तेवढ्यापुरतं उतरलं आणि परतल्यावर पूर्वीइतकंच झालं. म्हणजे घरात तो सैलावतो, आणि परत आल्यावर आधीपेक्षा बिघडत नाही. शिवाय घरात तो कसा वागतो याची खरी माहिती हातात येते. एकच अट : फोस्टर घराला दोन दारांची काळजी, दोन दोऱ्या आणि कोणालाही न ओढण्याचा नियम आधी शिकवलेला असावा. अतिशय भेदरलेल्या, अजून दोरी न शिकलेल्या कुत्र्याला दर आठवड्याला नव्या घरी पाठवणं मात्र योग्य नाही. त्याला एकच घर आणि जास्त दिवस हवेत.

आता दत्तक. फोटो जाळीच्या बाहेर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, लांबून झूम करून, फ्लॅशशिवाय काढावा. कॅमेरा तोंडाशी नेला की कान मागे जातात आणि फोटोत फक्त भीती उतरते. फोटोपेक्षा अर्ध्या मिनिटाची चित्रफीत जास्त सांगते : ओळखीच्या माणसासोबत खेळताना, सोबत्याबरोबर धावताना. मजकुरात ‘लाजाळू पण गोड’ असं लिहून काही कळत नाही. ‘अनोळखी माणसाच्या हातून खायला वीसेक मिनिटं लागतात, जिना चढतो, उतरताना अडतो, दुसरा कुत्रा असलेल्या घरात लवकर रुळेल, लिफ्ट अजून जमत नाही’ असं लिहावं. चौकशा कमी येतील, पण येतील त्या कामाच्या असतील. मारहाणीची करुण कहाणी खात्री नसताना जोडू नये. ती वाचून येणारी माणसं उद्धार करायच्या घाईत असतात, आणि घाई हीच या कुत्र्याची अडचण आहे.

भेट जाळीसमोर ठेवू नये. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की कुत्रा पाहुण्याजवळ आडवा झाला, आणि खेळायला बोलावल्यावर त्याने दुर्लक्ष केलं नाही, तर तो घेतला जाण्याची शक्यता वाढते. बुजऱ्या कुत्र्याला माणसाशेजारी चटईवर पडून राहायला शिकवता येतं : चटई टाकायची, पडला की पंजांच्या मध्ये तुकडा ठेवायचा, हळूहळू तुकड्यांमधलं अंतर वाढवायचं. तीच चटई भेटीच्या खोलीत न्यायची. ओळखीचा माणूस सोबत असावा, पाहुण्यांनी खाली तिरपं बसावं, हात लावू नये, खाऊ मागे टाकावा. पहिल्या भेटीत कुत्रा दहा मिनिटं नुसता बघत राहिला तरी ती भेट यशस्वी धरावी, आणि हे पाहुण्यांना आधीच सांगावं. निदान तीन भेटी झाल्याशिवाय कुत्रा देऊ नये.

घरी पाठवताना गळ्यात नाव-पत्त्याचा बिल्ला आणि नोंदवलेली मायक्रोचिप असावी, प्रवास क्रेटमधून व्हावा, आणि घराचं दार बंद झाल्यावरच क्रेट उघडावा. सुरुवातीला एकच खोली. दोन आठवडे पाहुणे नाहीत, आंघोळ नाही, ‘सगळ्यांना दाखवून आणू’ नाही. कुंपण असलेल्या अंगणातही दोन दोऱ्या. तो रात्री सगळे झोपल्यावरच जेवेल, हे सामान्य आहे. चोवीस तासांत लघवीच केली नाही तर पशुवैद्याला कळवावं. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने हा रुळण्याचा ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो, बुजऱ्या कुत्र्याला त्याहून जास्त वेळ लागू शकतो असं स्पष्ट सांगावं. दुसऱ्या, सातव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी फोन निवाऱ्याने करावा, त्यांच्या फोनची वाट बघू नये. कुत्रा परत आला तर जाब विचारू नये. त्या घरात काय दिसलं हे नीट विचारून लिहून घ्यावं, पुढचं घर शोधायला तेच लागतं.

आणि कुत्रा सुटलाच, तर त्याच्या मागे कोणी धावू नये, हाका मारू नयेत, शोधायला घोळका नेऊ नये. घोळक्यापासून तो मैलोन्‌मैल लांब जातो. ‘पकडू नका, दिसल्यास कळवा’ असे फलक लावावेत, तो दिसला तिथे ठरावीक वेळी खाणं ठेवावं, कॅमेरा लावावा, तो रोज येऊ लागला की सापळा-पिंजरा लावावा. या सूचनेचा कागद दत्तक देतानाच हातात द्यावा.

काही कुत्रे एवढं करूनही माणसासोबत राहायला तयार होत नाहीत. ते लपवू नये. काही महिने नीट, नोंद ठेवून काम झालं, औषधं झाली, घर बदलून पाहिलं, तरी कुत्रा दिवसाचा बहुतेक वेळ भीतीतच काढत असेल, तर त्याच्या जगण्याचा दर्जा काय आहे याचा निर्णय पशुवैद्य, त्याला सांभाळणारी माणसं आणि समिती यांनी एकत्र बसून घ्यावा. आमची हरकत आहे ती काम न करताच हा निर्णय घेण्याला, आणि निर्णय टाळून कुत्र्याला वर्षानुवर्षं कोपऱ्यात ठेवण्यालाही.

समितीच्या येत्या बैठकीत आम्हाला पुढचे ठराव हवे आहेत. आल्यापासून चौथ्या दिवशी प्रत्येक बुजऱ्या कुत्र्याच्या नावाने लेखी योजना आणि दोन जबाबदार माणसांची नावं जाळीवर लागलेली असावीत. पहिल्या तीन दिवसांत स्वभावचाचणी होऊ नये. दुपारचे दोन तास पाहुण्यांसह सगळ्यांना विभाग बंद राहावा. बाहेर उघडणाऱ्या प्रत्येक वाटेवर दुसरं दार बसेपर्यंत बुजऱ्या कुत्र्यांना त्या वाटेने नेऊ नये. प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला कुत्र्याची देहबोली वाचायचं एक सत्र झाल्याशिवाय या विभागात पाठवू नये. आणि मासिक अहवालात एकूण दत्तकांच्या शेजारी बुजऱ्या कुत्र्यांचा मुक्काम किती दिवसांचा झाला हा आकडा वेगळा छापावा. ज्या निवाऱ्यांना हे सुरू करायचं आहे तिथे येऊन कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवायला आम्ही तयार आहोत.

कळावे,
आपले,
बुजऱ्या कुत्र्यांसोबत काम करणारे प्रशिक्षक आणि स्वयंसेवक